तीस दिवसांची नोटीस

“बाबूजी, हे भिंतीवर लावल्याशिवाय नाही होत का?”

शोभाने तिसऱ्यांदा विचारलं आणि मीही तिसऱ्यांदा तेच सांगितलं, “नाही होत.” शेजारी गजानन उभा होता. दोघांनी सह्या केलेला कागद माझ्या टेबलावर होता. शाई अजून वाळायची होती. पोरगी घामाने भिजली होती, आणि उन्हाळा अजून लागलाही नव्हता.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी निबंधक कार्यालयात लिपिक होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसंही नाव बदलून लिहितो आहे. खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं नोंदवायची हे आमचं रोजचं काम. आमच्या साहेबांकडे विवाह अधिकाऱ्याचंही काम होतं, म्हणजे विशेष विवाह कायद्याखाली लग्न लावून देण्याचा अधिकार. त्यात भटजी नाही, मांडव नाही, अक्षता नाहीत. साहेब, तीन साक्षीदार आणि एक रजिस्टर, झालं लग्न. वर्षाकाठी अशी चार-पाच लग्नं व्हायची.

लोकांना वाटतं की कचेरीत गेलं, सही केली आणि हार घातले. तसं नसतं. मुलगा एकवीसचा, मुलगी अठराची पूर्ण पाहिजे. दोघांपैकी कोणाचं आधीचं लग्न टिकून नको. जवळचं नातं नको. डोकं ठिकाणावर पाहिजे. दोघांपैकी एकाने तरी निदान महिनाभर त्या जिल्ह्यात राहिलेलं पाहिजे. हे सगळं जुळलं की लग्नाची नोटीस द्यायची. ती नोटीस आम्ही नोटीस बुकात चढवायची, आणि तिची एक नक्कल कचेरीत ठळक दिसेल अशा जागी तीस दिवस लावून ठेवायची. कोणाला हरकत घ्यायची असेल तर त्याने त्या तीस दिवसांत घ्यायची. त्यानंतर लग्न.

कायदा करणाऱ्यांनी आमची कचेरी पाहिली नसावी. आमच्याकडे आसपासच्या गावांचे लोक खरेदीखत नोंदवायला यायचे. नंबर लागेपर्यंत व्हरांड्यात बसून बिड्या ओढायचे आणि बोर्ड वाचायचे. ज्याला वाचता येईल तो बाकीच्यांना वाचून दाखवायचा. सिहोऱ्यापासून आंधळगावपर्यंत कोणाची जमीन कोणी घेतली ही बातमी आमच्या व्हरांड्यातूनच निघायची.

शोभा आंधळगावची. घरात कोशाच्या रेशमाचे माग, बाप विणकर. ती आमच्या गावी शिक्षिकेचा कोर्स करत होती आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होती. गजानन सिहोऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, नाकाडोंगरीकडच्या एका शाळेत मास्तर. सरावाचे पाठ घ्यायला तिच्या वर्गाला त्याच्या शाळेत नेलं होतं, तिथे ओळख झाली. जात वेगळी. आणखी काही सांगायची गरज नाही.

“माया भावानं वाचलं तर तो मले इथून घेऊन जाईन,” शोभा म्हणाली. “माझं साक्षगंध ठरवून राहिले ते.”

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. तो एकदा झाला की मुलगी दुसऱ्याची झाली, असं सगळं गाव धरून चालतं.

मी कचेरीत भित्रा म्हणून प्रसिद्ध होतो. साहेबांनी आवाज चढवला तर माझ्या हातून टाक पडायचा. पण त्या दिवशी मला निराळीच भीती वाटली. दोन वर्षांपूर्वी अशीच एक नोटीस मी लावली होती. सहाव्या दिवशी त्या मुलीचा काका दोन माणसं घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. ठरलेल्या तारखेला मुलगा एकटाच आला, बाकावर बसून राहिला आणि पाच वाजता उठून गेला. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. तिची नोटीस माझ्याच अक्षरात होती.

म्हणून मी एक शहाणपणा केला. शोभाची नोटीस बोर्डावर लावली, शिक्का मारला, तारीख टाकली. मग संध्याकाळी सगळे गेल्यावर तिच्यावर मुद्रांक विक्रीच्या वेळांचं एक जुनं पत्रक टाचून टाकलं. नोटीस बोर्डावर होती. फक्त दिसत नव्हती. शोभाला किंवा गजाननला मी यातलं काही सांगितलं नाही. साहेबांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

पुढचे तेवीस दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. साहेब व्हरांड्यात आले की मी रजिस्टरात तोंड घालायचो. आंधळगावचं खरेदीखत आलं की मी लिहिता लिहिता त्या माणसांच्या तोंडाकडे पाहायचो. कोणी बोर्डाजवळ उभा राहिला की मी उठून त्याला विचारायचो, “काय पाहिजे जी?” एकदा शिपायाने पत्रकं बदलायला बोर्डाकडे हात नेला तर मी त्याच्यावर ओरडलो. मी ओरडलो याचंच सगळ्या कचेरीला नवल वाटलं.

चोविसाव्या दिवशी तिचा भाऊ आला. नारायण त्याचं नाव. उंच, शांत माणूस. तो शांत होता हेच वाईट होतं. त्याच्या सोबत बाहेरच्या झाडाखाली बसणारा एक अर्जनवीस होता, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारा.

त्याला कळलं कसं, तर शोभाच्याच हट्टामुळे. लग्नात आपल्या बापाच्या मागावरचीच करवती काठाची साडी नेसायची, असं तिने गजाननला सांगितलं होतं. घरी मागता येत नव्हती, म्हणून गजानन मोहाडीच्या व्यापाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, आंधळगावच्या सोमाजीच्या मागाची साडी दाखवा. तिकडे काठ पाहून माग ओळखणारी माणसं आहेत. पण गिऱ्हाईक कधी विणकराचं नाव घेऊन साडी मागत नाही. व्यापाऱ्याने नाव-गाव विचारून घेतलं आणि बाजाराच्या दिवशी गंमत म्हणून सोमाजीच्या घरी सांगितलं. पुढचं नारायणने जोडलं: बहिणीचे पाठ ज्या शाळेत झाले तिथलाच मास्तर, आणि जात वेगळी, म्हणजे लग्न कचेरीतच होणार.

“बाबूजी,” तो माझ्या टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाला, “तुमी कोन्या गावचे?”

मी गाव सांगितलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

“बरं. माहीत असावं म्हून विचारलं.”

मग त्याने लेखी हरकत पुढे केली. साहेबांनी त्याला आत बोलावलं. आमचे साहेब पुण्याकडचे, बोलणं मोजकं. त्यांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

“जात वेगळी आहे, हे कारण कायद्यात नाही. मुलगी अठराची आहे की नाही? आधी लग्न झालंय का? असं काही असेल तर सांगा.”

“वीस वर्षांची हाय. पन सुपारी फुटली हाय तिची, साहेब.”

“सुपारी म्हणजे लग्न नव्हे.”

नारायणने सोबत्याकडे पाहिलं. अर्जनवीस मुरलेला होता. तो खाकरला आणि म्हणाला, “साहेब, मी रोज याच आवारात बसतो. बोर्डावर लग्नाची नोटीस मी तर पाहिली नाही. कुठे लावली आहे?”

साहेब माझ्याकडे पाहू लागले. मी व्हरांड्यात गेलो. ते तिघं माझ्या मागे आले. वेळ मारून नेता येईल असं काहीच सुचेना. मी टाचण्या काढल्या आणि पत्रक वर उचललं. खाली नोटीस होती, माझ्या अक्षरातली, शिक्क्यासकट. चोवीस दिवसांत तिच्यावर धूळसुद्धा बसली नव्हती.

साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “हे तुम्ही केलंत?” एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.

“तीस दिवस नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून मोजायचे असतात,” ते म्हणाले. “झाकलेला कागद प्रसिद्ध होत नाही. आज नवी लावा. आजपासून तीस.”

नारायणच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. त्याला सहा दिवसांचे तीस मिळाले होते, आणि ते मी दिले होते. मी झाकपाक केली नसती तर त्याच्या हातात लग्न अडवायला सहाच दिवस उरले असते. आता महिना होता.

त्या संध्याकाळी मी वसतिगृहावर गेलो. रेक्टर बोरकर बाईंना आणि शोभाला जे झालं ते सांगितलं. शोभा रडेल, मला बोलेल, असं वाटलं होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, “तुमी आमच्यासाठीच केलं, बाबूजी. पन काहून केलं?”

भीतीपोटी केलं, हे वीस वर्षांच्या पोरीसमोर सांगायची मला लाज वाटली.

बोरकर बाई खमक्या. “भाऊ येऊन गेला सकाळी,” त्या म्हणाल्या. “घरून पत्र आलं की मुलीला सोडायचं, असा नियम आहे. मी सांगितलं, पत्रावर बापाची सही पाहिजे, आणि ती बापाने माझ्यासमोर करायची. नियमात असं काही नाही. पण त्याला काय ठाऊक?”

म्हणजे सगळं आता बापावर अडलं. सोमाजी माग सोडून कुठे जात नाही म्हणे. पण एक दिवस नारायण त्याला घेऊन येणार, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शोभा कचेरीत आली. हातात पाठाची वही. बोर्डाखालच्या बाकावर, आपल्याच नोटिशीखाली बसली आणि पाठ काढू लागली. मी घाबरून बाहेर धावलो.

“इथं काहून बसली? सगळे पाहतात ना!”

“म्हूनच बसली,” ती म्हणाली. “लपली की मी एकटी असतो. इथं शंभर लोक पाहून राहते.”

शिवाय आमच्या आवारातच ट्रेझरी होती, म्हणजे सरकारी खजिना. तिथे बंदूकवाला गार्ड चोवीस तास उभा. तो बाक गार्डच्या समोर येत होता. हे तिने आधीच पाहून ठेवलेलं होतं.

कॉलेज सुटलं की रोज ती यायची. लोक नोटीस वाचायचे, मग खाली तिच्याकडे पाहायचे. म्हाताऱ्या बायका तिला विचारायच्या, “तूच का ते?” ती म्हणायची, “हो, मीच.” काही तोंड फिरवायच्या. एकीने तिला चिवडा दिला. मी आतून खिडकीतून पाहत राहायचो आणि माझ्या बेरजा चुकायच्या.

नारायण आठवड्यातून दोनदा यायचा. समोरच्या कडुलिंबाखाली उभा राहायचा. एकदाच तो व्हरांड्यात चढला आणि त्याने तिचं मनगट धरलं. “चाल घरी. माय रडून राहिली.” वही खाली पडली. मी खुर्चीतून उठलो, आणि कबूल करतो, दारापर्यंत जाऊन थांबलो. गार्ड ओरडला, “ए! काय चाललंय तिथं?” बंदुकीचा आवाज झाला, म्हणजे त्याने ती नुसती खांद्यावरून उतरवली. नारायणने हात सोडला आणि पायऱ्या उतरून गेला. शोभाने वही उचलली, झटकली आणि परत बसली. मग पाठाची पुढची ओळ लिहू लागली.

एकोणतिसाव्या दिवशी, सकाळी कचेरी उघडताच, नारायण बापाला घेऊन आला. शोभा तेव्हा कॉलेजात होती. मला कळून चुकलं की आता हे वसतिगृहावर जाणार, पत्रावर सही होणार आणि संपलं. बापाला नाही म्हणायला बोरकर बाईंकडेही काही उरलं नव्हतं.

सोमाजी बारका माणूस होता. मागावर बसून पाठ वाकलेली, धोतर स्वच्छ. तो बोर्डासमोर येऊन उभा राहिला. नारायण म्हणाला, “त्यात काय पाहता, बाबा? चाला.” म्हातारा हलला नाही. त्याने मला हाक मारली.

“बाबूजी, मले थोडं थोडं वाचता येते. यात तिचं नाव कोठी हाय?”

मी बोट ठेवलं. त्याने एकेक अक्षर सोडवत वाचलं, “शोभा... सोमाजी...” आणि थांबला.

“हे माझं नाव कोनं लिवलं इथं?”

“तिनेच सांगितलं. मुलीच्या नावात बापाचं नाव असतंच ना जी.”

“असते,” तो म्हणाला. “पन हे तं माझ्या घरातून पळून चालली ना? मग माझं नाव काहून घेऊन चालली?” मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, “साडीबी माझ्याच मागाची मागे ते.”

नारायण पायऱ्यांवरून ओरडला. सोमाजीने मागे पाहिलं आणि त्याच्या मागोमाग गेला. मी दिवसभर एक ओळ लिहू शकलो नाही. साडेपाचला धावत वसतिगृहावर गेलो. बोरकर बाई म्हणाल्या, कोणीच आलं नाही.

लग्नाचा दिवस. गजानन नवा शर्ट घालून दहालाच हजर. तीन साक्षीदार लागतात. बोरकर बाई एक, गजाननच्या शाळेचे हेडमास्तर दोन. तिसरा गजाननचा मित्र नाकाडोंगरीहून यायचा होता. बारा वाजले, दोन वाजले, तो आला नाही. मग निरोप आला की बसस्टँडवर नारायणची माणसं उभी होती, ती पाहून तो त्याच बसने परत गेला. त्याला कोण काय म्हणणार? मीही तेच केलं असतं.

हेडमास्तरांनी बाहेर जाऊन सात-आठ जणांना विचारलं. अर्जनवीस, मुद्रांकवाले, खरेदीला आलेले शेतकरी. सगळ्यांनी कडुलिंबाकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. मी साहेबांकडे गेलो.

“साहेब, मी सही केली तर?”

“आपल्या कचेरीचा माणूस नको. तुमचं आधीच एक प्रकरण आहे.”

“उद्या केलं तर?”

“कायद्याने चालेल. नोटीस तीन महिने टिकते.” साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. झाडाखाली आता पाच माणसं होती. “पण उद्यापर्यंत ही मुलगी राहील का, ते मला सांगता येत नाही.”

पावणेपाच वाजता दारात सोमाजी उभा राहिला. एकटाच. शोभा झटक्यात उठली आणि गजाननच्या मागे सरकली. मला वाटलं, घेऊन जायला आला.

“आपण कोण?” साहेबांनी विचारलं.

“मी सोमाजी. तिच्या नावात हाय ना, तो.” तो आत आला. “एक मानूस कमी हाय म्हनते. बाप चालते का जी?”

साहेबांनी कायद्याचं पुस्तक उघडलं नाही. “चालतो,” ते म्हणाले.

दोघांनी साहेबांसमोर एकमेकांना कायदेशीर नवरा आणि कायदेशीर बायको म्हणून स्वीकारल्याचं म्हटलं. शोभाचा आवाज दोनदा फुटला. मग सह्या. सोमाजीने टाक हातात धरला, बराच वेळ कागदावर अडखळला आणि मोठ्या मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. त्याची सही दोन ओळींत गेली. मी ती तशीच राहू दिली.

शोभा पाया पडायला वाकली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बोलला.

“सही केली मी. पन आंधळगावले येऊ नको, बाई. माय रडली तरी येऊ नको. तिथं मी तुले वाचवू नाही शकत.”

मग तो पुढच्या दाराने बाहेर पडला, सरळ कडुलिंबाखाली गेला आणि नारायणसमोर उभा राहिला. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. नारायणने त्याला खांद्याला धरून हलवलेलं मात्र आम्ही सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. म्हातारा जागचा हलला नाही. तेवढ्या वेळात ट्रेझरीच्या बाजूच्या फाटकातून गार्डने त्या दोघांना आणि हेडमास्तरांना बाहेर काढलं आणि रिक्षात बसवलं.

पुढे शोभा नाकाडोंगरीकडच्या शाळेतच शिक्षिका झाली, एवढं मला कळलं. ती आंधळगावला कधी गेली का, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

मला लेखी ताकीद मिळाली. सेवापुस्तकात ती लाल शाईत आहे: नोटीस ठळक दिसेल अशी न लावणे. बरोबरच होतं. मी झाकली म्हणून त्या पोरीला महिनाभर त्या बाकावर बसावं लागलं. आणि उघडी लावली म्हणून तिच्या बापाला ती वाचता आली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रत्येक नोटीस मी डोळ्यांच्या उंचीवर लावली, वर दुसरा कागद येऊ दिला नाही. त्यातल्या किती मुलींना भावांनी ओढून नेलं आणि किती बापांनी येऊन नाव वाचलं, मला माहीत नाही. नोटीस लावणं हे माझं काम होतं. टाचणी मारताना भीती मात्र दर वेळी वाटली.